करडीचा जावई

संपादकांनी पत्रात लिहिलं होतं, 'आपल्या भंडारा जिल्ह्यातल्या बी डिव्हिजन फुटबॉल लीगचा इतिहास लिहा, शक्य तर आकडेवारीसह.' आकडेवारी माझ्याकडे नाही. लीगचं ऑफिस बंद झालं तेव्हा सगळी रजिस्टरं रद्दीत गेली. गेली ते बरंच झालं. त्यातला निदान एक आकडा खोटा होता आणि तो माझ्या अक्षरात होता.

मी अजून पस्तिशीचा नाही. निवृत्त माणसासारखं मागे टेकून आठवणी सांगायचं माझं वय नाही. पण ज्या कामात मी सात हिवाळे घातले, ते कामच माझ्याआधी निवृत्त झालं. मी त्या लीगचा पंच होतो आणि ऑफिसातला कारकूनही.

माझे वडील भंडाऱ्यातल्या एका लहान छापखान्यात खिळे जुळवत. विडी कामगारांचं, हमालांचं, शेतमजुरांचं, ज्याचं काही म्हणणं असे त्याचं पत्रक तिथे छापलं जाई. शाळेच्या पुस्तकाआधी मी पत्रकं वाचली. 'बंधूंनो, जागे व्हा' हे मला 'कमळ बघ'च्या आधी येत होतं. पत्रकाचा एक गुण असतो. त्यात एक बाजू बरोबर असते आणि एक चूक. तिसऱ्या बाजूला छापायला जागाच नसते. मी तसाच वाढलो. आणीबाणी उठली तेव्हा मी विशीत होतो. जिल्ह्यात नियम नावाची वस्तू पुन्हा कशावर तरी उभी करायची, तर ती फुटबॉलवर का नको, असं मला खरोखर वाटत होतं.

बाहेरच्या माणसाला आधी बी डिव्हिजन काय ते सांगायला हवं. ए डिव्हिजनमध्ये मोठ्या गावांचे संघ. त्यांना बूट, जाळीचे गोल, बसायला पायऱ्या. तिथे खाणींचे आणि कारखान्यांचे लोक सामने बघायला येत आणि चांगल्या खेळाडूला नोकरीवर घेत. बी डिव्हिजन म्हणजे खेडी. सानगडी, दिघोरी, करडी आणि अशीच आणखी काही. बूट नाहीत. दर मोसमात यातला एकच संघ वर जाई. म्हणून बीचा पहिला नंबर म्हणजे नुसता ढाल-तुरा नव्हता. अकरा पोरांपैकी दोघा-तिघांच्या आयुष्याला दार उघडायचं, तर ते त्या एका जागेतून.

खेळायला मैदान कुठेच नव्हतं. धान कापून झालं की बांधी मोकळी होते, तीच मैदान. बांधी म्हणजे चहूबाजूंनी धुरा, म्हणजे मातीचा बांध, घातलेलं धानाचं वावर. एक बांधी फुटबॉलला पुरत नाही. सानगडीचे डोमाजी दर वर्षी कापणी झाली की स्वतःच्या दोन बांध्यांमधला धुरा फोडत, दोन्हींचं एक मैदान करत आणि पावसाळ्याआधी तो धुरा पुन्हा बांधत. एवढंच नाही. आमच्याकडे धान उभं असतानाच त्याच्या ओलीवर लाखोरी फेकतात. धान निघतं आणि खालून लाखोरी वर येते, फुकटचं दुसरं पीक. मैदान ठेवायचं तर लाखोरी सोडावी लागते. डोमाजी दर वर्षी सोडत. प्रत्येक गावात असा एक डोमाजी होता. लीगचा इतिहास खरा कोणाचा असेल, तर तो न पेरलेल्या लाखोरीचा.

माझ्या पिशवीत शिट्टी, दोन ब्लॅडर, पंप, सुई, मेण लावलेला दोरा, नियमांची पुस्तिका आणि अहवालाचे फॉर्म असत. पंचाला चांभारकी यावीच लागे, कारण धानाचं धसकट चामड्याच्या शिवणीतून आत शिरतं आणि ब्लॅडर बसतं. रेषा तुसाच्या राखेनं आखायच्या. गोलाचे खांब बांबूचे, वरची दांडी कधी बांबू, कधी नुसता दोर. दोराचं दुखणं असं की चेंडू त्याच्या वरून गेला की खालून, हे दोर हलतो त्यामुळे कळत नाही. एकदा दिघोरीला चेंडू बोडीत, म्हणजे गावतळ्यात, गेला आणि एक म्हैस पाण्यात त्याच्या आणि आमच्या मध्ये येऊन बसली. म्हशीचा मालक प्रेक्षकांतच होता. मी म्हटलं, "हाकला." तो म्हणाला, "तिले बसू द्या जी, आताच बसली हाये." पाऊण तास खेळ थांबला. नियमांच्या पुस्तिकेत म्हैस नव्हती.

प्रेक्षक धुऱ्यावर पाय सोडून बसत. बाया एका बाजूला, पुरुष दुसऱ्या. मला सगळे 'पंचबाबू' म्हणत. माझ्या निर्णयावर सर्वांत जास्त आवाज इस्तारीच्या मायचा असे. "पंचबाबू, डोये घरी ठेवून आले का?" ती ओरडे, आणि पुढच्याच क्षणी शेजारणीला विचारे, "काय झालं व?"

आता जावयाचं सांगतो.

करडीहून सानगडीला यायचं म्हणजे वैनगंगा ओलांडून दोन बसा बदलायच्या. कोणाचा खळा चालू असे, कोणाची बहीण बाळंत, कोणाची बस चुके. पाहुणा संघ पुरा अकरा क्वचितच येई. अशा वेळी यजमान गाव आपल्या बाहेर बसलेल्या गड्यांतून हवे तेवढे पाहुण्यांना देई. निवड पाहुण्यांची. ज्याला निवडलं तो त्या दिवसापुरता त्या गावाचा जावई. त्यांची जर्सी घालायची, त्यांच्याच पंगतीत जेवायचं आणि स्वतःच्या गावाविरुद्ध जीव तोडून खेळायचं. हातचं राखून खेळला अशी नुसती शंका आली, तरी त्याच्या घरच्यांना मान खाली घालावी लागे. खेळ संपला की जर्सी घडी करून दोन्ही हातांनी परत द्यायची. तेवढं झालं की तो पुन्हा गावाचा. त्या दिवशी त्यानं काय केलं याचा हिशेब गावात कोणी, कधीही काढायचा नाही. हे कुठेही लिहिलेलं नव्हतं.

इस्तारी सानगडीचा. एका मोठ्या शेतकऱ्याकडे सालगडी होता. बैल बांधल्याशिवाय त्याची सुटका नसे, म्हणून तो सरावाला कधीच नसे आणि गावाच्या अकरांतही कधी नसे. पण पाय असा होता, डावा, की मी त्यानंतर ए डिव्हिजनमध्येही तसा पाहिला नाही. येणारा प्रत्येक संघ त्यालाच मागे. पाच मोसमांत त्यानं जिल्ह्यातल्या जवळजवळ प्रत्येक गावाची जर्सी घातली. सानगडीची एकदाही नाही. करडीचा कप्तान मनिराम तर पूर्ण संघ घेऊन आला तरी एकाला बाहेर बसवून इस्तारीला मागायचा.

"इस्तारी द्या जी."

"अजून इस्तारीच?" डोमाजी म्हणत. "दुसरा जावई नाई भेटत का तुमाले?"

"चांगला जावई सोडते का कोनी?"

आणि धुऱ्यावरून बाया, "जावईबापू, जपून पाय टाका, सासरा पाहून रायला!"

पहिल्या वर्षी मला हे गबाळं वाटलं. दुसऱ्या वर्षी गोड. तिसऱ्या वर्षी मी या प्रथेकडे लक्ष देणं सोडलं, कारण माझा राग दुसरीकडे होता. ए डिव्हिजनचे दांडगे संघ महत्त्वाच्या सामन्याच्या सकाळी बाहेरून खेळाडू आणत. नाव एकाचं, खेळणार दुसरा. स्थानिक पोरगं वर्षभर घाम गाळी आणि अंतिम सामन्याला कठड्याबाहेर उभं राही. हे मला असह्य झालं. मी पत्रक लिहिलं. वडिलांनी स्वतः खिळे जुळवले. 'भाड्याच्या खेळाडूंना हाकला! नोंद नाही तर खेळ नाही!' खाली मागणी: प्रत्येक खेळाडूची मोसमाच्या सुरुवातीला फोटोसह नोंद व्हावी, नोंद नसलेल्यानं केलेला गोल बाद व्हावा, हा गुन्हा करणारा संघ एका मोसमापुरता बाहेर जावा.

लीगच्या सभेत ते मंजूर झालं. टाळ्या पडल्या. सर्वांत मोठ्या टाळ्या दांडग्या संघांच्या होत्या, आणि त्याचं मला आश्चर्य वाटलं नाही, हेच माझं कच्चेपण. त्यांनी बाहेरच्या खेळाडूंचे फोटो काढले, फॉर्म भरले, मोसमाच्या सुरुवातीलाच नोंद करून टाकली. भाड्याचे खेळाडू होते तसेच राहिले. आता ते कायदेशीर झाले.

खेड्यांनाही मी पत्रक पाठवलं. त्यांनी वाचलं असेल, आपापल्या अकरांची नोंदही केली. पण भाड्याचा खेळाडू म्हणजे आपला जावई, हे त्यांच्या डोक्यात येणं शक्य नव्हतं. माझ्याही आलं नव्हतं.

त्या मोसमाचा शेवटचा सामना सानगडीत होता. मोसमभर मी ए डिव्हिजनवर होतो, खेड्यात त्या वर्षी हा माझा पहिलाच सामना. होळीला आठवडा होता. सानगडी विरुद्ध करडी. सानगडीला फक्त बरोबरी हवी होती, ते वर गेले असते. डोमाजींचा मुलगा श्रावण सानगडीचा गोली. एका खाणीच्या संघाच्या माणसानं त्याला सांगितलं होतं, 'ए डिव्हिजनला ये, मग बघतो.' अख्ख्या गावाला ते पाठ होतं. श्रावणनं सकाळपासून काही खाल्लं नव्हतं.

करडीचे नऊच आले. दोघे लग्नात अडकले होते.

"दोन गडी द्या जी," मनिराम म्हणाला. "एक इस्तारी, अना एक कोनी बी."

तेव्हा माझ्या छातीत पत्रक वाजलं. मी मध्ये गेलो. म्हटलं, "या वर्षीपासून नोंद नसलेला गडी चालत नाही."

मनिराम हसला. त्याला वाटलं मी गंमत करतोय. "मंग नऊ जनांनी खेळू का?"

"नऊ जणांनी खेळता येतं. सातपर्यंत चालतं."

डोमाजी धुऱ्यावरून उतरून आले. धोतराचा सोगा हातात, आवाज अगदी शांत. "पंचबाबू, माया बांधीवर पावना कमी गड्यानं खेळत नाई. माये पोट्टे जिंकतीन तं अकरा जनाले जिंकतीन."

"पण डोमाजी, हरलात तर वर जाणार नाही. श्रावणचं काय?"

"श्रावन गोली हाये. गोल अडवनं त्याचं काम हाये. गडी अडवनं नाई."

मी घड्याळ पाहिलं. शेकडो माणसं धुऱ्यावर. त्या क्षणी दोनच सरळ गोष्टी करता येत होत्या. शिट्टी खिशात टाकून म्हणायचं, असा खेळ मी चालवणार नाही. किंवा मान डोलवायची आणि पुढे कायमचं गप्प राहायचं. मी तिसरी केली. म्हणालो, "खेळा. पण मी अहवालात लिहीन."

"लिहा जी," डोमाजी म्हणाले. लिहिण्यानं काय बिघडतं, असा तो स्वर होता. माझ्या 'लिहीन'मध्ये काय होतं ते मला माहीत होतं, त्यांना नव्हतं. आजही मला जास्त लाज त्या एका वाक्याची आहे, अहवालाची नंतर.

खेळ फार सुंदर झाला. हाफटाइमला शून्य-शून्य. इस्तारी करडीच्या निळ्या जर्सीत डाव्या धुऱ्याला चिकटून पळत होता आणि सानगडीचा मागचा गडी दर वेळी धापा टाकत म्हणत होता, "अबे, घरचा हायेस ना लेका!" इस्तारी म्हणे, "खेळ सरला का होतो, साडेपाचले."

शेवटची दहा मिनिटं होती. मनिरामनं मधून चेंडू काढला आणि डावीकडे लोटला. इस्तारीनं तो धुऱ्याच्या कडेकडेनं नेला, एकाला आत टाकलं, एकाला बाहेर. श्रावण पुढे आला. तो बरोबर आला, त्याची काही चूक नव्हती. इस्तारीनं पायाच्या बाहेरच्या कडेनं चेंडू उचलला. तो श्रावणच्या बोटांवरून गेला, बांबूला लागला, बांबू घुमला, आणि चेंडू आत. जाळी नव्हती. मागे बांधलेला बैल दावं तोडून पळाला. मी दहा पावलांवर होतो. इतका निखळ गोल मी दुसरा पाहिला नाही. मी शिट्टी वाजवली आणि हात मधल्या वर्तुळाकडे केला.

धुऱ्यावर इस्तारीची माय उभी राहिली. "माया पोट्ट्यानं मारला व! पन करडीचा मारला!" ती रडत होती की हसत होती, मला सांगता येणार नाही.

खेळ संपला. करडी एक, सानगडी शून्य. इस्तारीनं जर्सी काढली, मांडीवर घडी केली, दोन्ही हातांनी मनिरामला दिली. श्रावण गोलात खाली बसला होता. इस्तारी उघड्या अंगानं त्याच्याजवळ गेला आणि बाजूला बसला. शेवटी श्रावणनं त्याच्या पाठीत एक गुद्दा घातला आणि त्याच्याच खांद्याला धरून उठला. डोमाजी मनिरामला म्हणाले, "जावई चांगला निंगाला तुमचा." लोक हसले. सगळं फिटलं होतं. त्या बांधीवर त्या संध्याकाळी काहीही बाकी नव्हतं.

बाकी मी ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात बसून मी अहवाल लिहिला. सगळं खरं लिहिलं. खेळाडू दोन, नोंद नाही. गोल त्यांपैकी एकाचा. सचिवसाहेबांनी वाचलं आणि माझी पाठ थोपटली. "तुमचा नियम पहिल्यांदा लागतोय." गोल बाद. निकाल शून्य-शून्य. सानगडी वर. करडी एक मोसम बाहेर. रजिस्टरात तो निकाल मीच लिहिला. सानगडीला कळवायचं पत्रही मीच लिहिलं, आणि खरं सांगतो, लिहिताना मी खूश होतो. नियम पाळून श्रावणला दार उघडलं, यापेक्षा पत्रकात दुसरं काय मागतात?

चार दिवसांनी डोमाजी, श्रावण आणि इस्तारी ऑफिसात आले. मी उठून खुर्च्या दिल्या. ते बसले नाहीत.

"गोल झाला होता का नोता?" डोमाजींनी विचारलं.

"झाला होता."

"तुमी पायला?"

"पाहिला."

"मंग कागदावर काहून नाई?"

मी समजावून सांगितलं. पत्रक काढून दाखवलं. भाड्याचे खेळाडू, दांडगे संघ, स्थानिक पोरांवरचा अन्याय, सगळं. चांगलं बोललो असेन. डोमाजींनी संपूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हे तं बरोबरच हाये. पन हे आमच्याबद्दल नाई."

"नियम सगळ्यांना सारखा, डोमाजी."

"आमी वर नाई जात."

श्रावण इतका वेळ खाली बघत होता. आता बोलला. "बाबा, कागदानं देल्लं तं घ्या ना. आपुन मांगाले गेलतो का?"

"अना इस्तारीले काय सांगू? का तुया गोल चोरीचा होता?"

"थो काई म्हनून नाई रायला."

"म्हनून आपुन म्हनाचं."

श्रावण बाहेर निघून गेला. मी त्याच्याकडे धावायला हवं होतं, की डोमाजींच्या पाया पडायला हवं होतं, मला आजही कळत नाही. मी म्हणालो, "वर जायला नकार दिला तर नियमाप्रमाणे संघ लीगमधून कमी होतो."

"करा कमी."

इस्तारी दाराशी उभा होता. टोपी हातात. ऑफिसात तो पहिल्यांदाच आला होता. जाताना त्यानं मला एकच विचारलं. "भाऊ, मंग मी त्या दिवशी कोन होतो?"

फॉर्मवर दोनच रकाने होते. नोंद झालेला खेळाडू, आणि प्रेक्षक. मी त्याला उत्तर दिलं नाही. टोपी डोक्यावर घालून तो गेला.

पुढचं लवकर सांगता येईल, कारण ते लवकर झालं. सानगडी कमी झाली, करडी बाहेर. उरलेल्या गावांनी धसका घेऊन गडी देणं थांबवलं. फोटो काढायला तालुक्याला जायचं, तेही सगळ्या गावाचे, कारण जावई कोण होईल हे आधी कोणाला माहीत? पाहुणे सहा आले की सामना होत नसे. मग वॉकओव्हर. तो कसा देतात ते पाहिलं नसेल कोणी. यजमान संघानं मैदानात उभं राहायचं, समोर कोणी नाही, आलेले पाहुणे धुऱ्यावर बसलेले, पंचानं पंधरा मिनिटं घड्याळ पाहायचं आणि शिट्टी वाजवून त्यांना विजयी ठरवायचं. दिघोरीला मी शिट्टी वाजवली तेव्हा यजमानांचा कप्तान म्हणाला, "आमाले लाज वाटून रायली, पंचबाबू. तुमाले नाई वाटत?" आणि दोन्ही गावची पोरं एकाच पंगतीला जाऊन बसली. मी उपाशी परतलो. तशी शिट्टी मी त्या दोन-तीन मोसमांत किती वेळा वाजवली ते आता मोजत नाही.

नियम मागे घ्या म्हणून मी सभेत दोनदा बोललो. दुसरं पत्रकही छापलं. टाळ्या पडल्या नाहीत. ए डिव्हिजनला तो नियम सोयीचा झाला होता. सचिवसाहेब म्हणाले, "तुमचीच मागणी होती." एका हिवाळ्यात बी डिव्हिजनसाठी तीनच गावांनी नावं पाठवली. ती शेवटची. मग मी राजीनामा दिला आणि वडिलांच्या छापखान्यात खिळे जुळवायला बसलो. पुढे ऑफिसही बंद पडलं.

हे लिहायचं ठरलं म्हणून गेल्या माघात सानगडीला गेलो. डोमाजी दोन वर्षांपूर्वी गेले होते, ते मला बसमधून उतरल्यावर कळलं. त्यांच्या बांध्यांमधला धुरा जागच्या जागी होता आणि दोन्हीकडे लाखोरी फुलली होती. निळं फूल, लहानसं. जिथे गोल होता तिथेही निळंच. कोणाला सांगितलं तर पटणार नाही की इथे शेकडो माणसं ओरडत होती.

इस्तारी तिथेच भेटला. आता तो ती बांधी बटईनं, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, करतो. केस पिकलेत. मला त्यानं लगेच ओळखलं आणि धुऱ्यावर गोणपाट झटकून बसायला दिलं.

"खेळता का कधी?" मी मूर्खासारखं विचारलं.

"कोनासंग?"

मग तो आपणहून बोलला, काम करता करता, माझ्याकडे न पाहता. त्या कागदानंतर पहिलं वर्ष गाव त्याच्या बाजूनंच होतं. पण कागदात 'गुन्हा' असा शब्द होता. तो माझा शब्द होता, पत्रकातला. हळूहळू लोक बोलायला लागले की करडीनं गुन्हा केला, म्हणजे कोणीतरी केला असेलच. 'गोल नसता मारला तं आज श्रावन खदानीत असता.' जे कधीच काढायचं नव्हतं ते काढलं गेलं. श्रावण आता रस्त्याच्या कामावर गँगमध्ये असतो. गावात येतो, इस्तारीशी बोलत नाही.

"डोमाजी होते तवरी कोनी तोंडावर नाई म्हनलं," इस्तारी म्हणाला. "खेळ बंद झाला तं लाखोरी पेरली त्याईनं. मले म्हने, तूच कर हे बांधी. दुसऱ्याच्या हातानं मले पाहावनार नाई."

"आणि करडी?"

तो पहिल्यांदा हसला. "मनिराम दर दिवाळीले बलावते. पायावर पानी टाकते, टोपी देते, दुपट्टा देते. थ्या गावात लहान पोट्टे बी मले जावईबापू म्हनतेत. फुटबॉल पायला नाई त्याईनं कधी." मग हसू गेलं. "तिथं जावई हाये, भाऊ. इथं कोनीच नाई."

मी त्याला सांगितलं, मी हे लिहितोय. माझी चूक लिहिणार आहे, त्याचं नाव लिहिणार आहे. चालेल का?

त्यानं विळा खाली ठेवला. "गोल लिहान?"

"लिहीन."

"सानगडीच्या इस्तारीनं मारला, असं लिहू नोका. करडीकडून लिहा." विळा पुन्हा उचलत म्हणाला, "नाई तं अजून गुन्हाच होते."

तेव्हा 'मी त्या दिवशी कोन होतो' हा ऑफिसातला त्याचा प्रश्न मी फॉर्मशिवाय ऐकला. उत्तर द्यायला मला एवढी वर्षं लागली, आणि जिथे द्यायला हवं होतं ते रजिस्टर आता नाही. म्हणून इथे देतो. संपादकांना हवी असलेली आकडेवारी एवढीच आहे.

मैदान: सानगडी, डोमाजींची बांधी. सानगडी शून्य, करडी एक. गोल: इस्तारी, करडीचा जावई. पंचाचा शेरा: मी दहा पावलांवर होतो. गोल बरोबर होता.